राजीनामा: तडकाफडकी की नोटीस भरून?

महापे एमआयडीसीतल्या माझ्या जुन्या ऑफिसात साहेब सगळ्यांसमोर फाईल आपटायचे, आणि आम्ही केलेलं काम वर स्वतःच्या नावावर खपवायचे. घणसोली स्टेशनच्या बाकावर बसून मी मोबाईलवर राजीनामा दोनदा लिहिला, दोनदा खोडला.

तडकाफडकी सोडलं तर त्या रात्री शांत झोप लागते, हे खरं. पण नेमणूकपत्रात नोटीसची अट असेल तर तेवढ्या दिवसांचे पैसे कापले जाऊ शकतात, अनुभवपत्र अडकतं, आणि पुढची कंपनी नेमकं तेच मागते.

नोटीस भरायची म्हणजे आणखी महिना-दोन महिने टोमणे. तरी मी हाच मार्ग धरला. ईमेलमध्ये तक्रारीचा एक शब्द नाही, फक्त शेवटची तारीख, प्रत एचआरला. पगाराच्या स्लिपा आधीच उतरवून घेतल्या. ५ वर्षं भरत आली असतील तर ग्रॅच्युइटीसाठी थांबाच: दर वर्षामागे १५ दिवसांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, महिना २६ दिवसांचा धरून. सोडायचे नाहीत हे पैसे, घामाचे आहेत.

मात्र शिवीगाळ होत असेल, तब्येत ढासळत असेल, तर पैसे कापले गेले तरी चालतील, त्याच दिवशी निघा.