इंटरकूलरचं कूलंट घरी बदललं, त्याला आठ महिने झाले

राहतो ह्यूस्टनला. गाडी २०१२ची कॅडिलॅक सीटीएस-व्ही, सेकंडहँड घेतलेली. ६.२ लिटरचं व्ही-८ इंजिन, डोक्यावर ईटनचा सुपरचार्जर, ५५६ हॉर्सपॉवर. मागच्या ऑगस्टमध्ये तिच्या इंटरकूलरचं कूलंट मी घरच्या गॅरेजात बदललं. खरं तर दोनदा बदललं, कारण पहिला शनिवार फुकट गेला.

या गाडीत पाण्याचे दोन संसार आहेत, हे मलाही गाडी घेऊन वर्ष झाल्यावर कळलं. एक इंजिनाचा. दुसरा फक्त इंटरकूलरचा: टाकी वेगळी, इलेक्ट्रिक पंप वेगळा, समोरचा छोटा रेडिएटरही वेगळा. सुपरचार्जरने दाबलेली हवा तापते, ती इंजिनात शिरायच्या आत थंड करायचं काम या दुसऱ्या संसाराचं. डॅशबोर्डवरचा काटा मात्र इंजिनाचंच तापमान दाखवतो. इकडचा पंप मेला तरी काटा ढिम्म.

मला पत्ता लागला तो ओबीडीला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे वाचायच्या सॉकेटला लावायच्या स्वस्तातल्या डोंगलमुळे. बाहेर ३५ डिग्री असताना हायवेला निवांत चाललो तरी इंजिनात जाणारी हवा ५२. रँपवर दोनदा जोरात पाय दिला की ७५, आणि खाली उतरायचं नाव नाही. हवा एवढी तापली की कॉम्प्युटर इग्निशनचं टायमिंग मागे घेतो, ठिणगी उशिरा पाडतो, आणि ताकद घटते. म्हणजे ५५६ घोड्यांतले बरेचसे तबेल्यातच.

गाडी पूर्ण थंड असताना पुढून उचलून स्टँडवर घेतली, खालचं प्लॅस्टिक काढलं आणि पुढच्या रेडिएटरचा खालचा पाइप सोडला. नारिंगी डेक्स-कूलऐवजी (कंपनीचं कूलंट) चहाच्या तळाशी उरतं तसलं काहीतरी आलं. मग डिस्टिल्ड पाणी भरायचं, पंप बाहेरच्या बॅटरीवर चालवायचा, पाणी सोडून द्यायचं. चौथ्या खेपेला ते स्वच्छ आलं. पंप कोरडा चालवू नका, त्याला वंगण त्या पाण्याचंच असतं. बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर म्हणाले, "पाणी बदलायला चार तास? आम्ही कसारा घाटात बाटलीने भरायचो."

मीही बाटलीनेच भरलं, तिथेच फसलो. टाकी भरली, पंप लावला, तर टाकीतून हुक्क्यासारखी गुडगुड. दुसऱ्या दिवशी रँपवर ८३! आधीपेक्षा वाईट. इंटरकूलर बसतो इंजिनाच्या टाळूवर, सगळ्यात उंच. हवा तिथे जाऊन दडते, आणि पंप पाणी ढकलू शकतो, हवा नाही. दुसरी चूक लगेच लक्षात आली नाही. धुतलेलं पाणी सगळं कधीच निघत नाही, आणि मी त्यावर कूलंट-पाण्याचं अर्धं-अर्धं तयार मिश्रण ओतलं होतं, ते आणखी पातळ झालं. मिश्रण किती डिग्रीला गोठेल ते दाखवणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंब टाकून पाहिलं, तर निळी रेघ उणे १८ वर.

पुढच्या शनिवारी शंभरेक डॉलरचं व्हॅक्यूम भरणीयंत्र आणलं. रबरी बूच टाकीच्या तोंडात बसवायचं, कॉम्प्रेसर जोडायचा, की ते आतली हवा खेचून घेतं. यंत्राचा व्हॅक्यूम दाखवणारा काटा २५ इंचांवर (पाऱ्याच्या) गेला, होस पाइप चपटे झाले आणि माझ्या डोळ्यांदेखत काटा परत पडायला लागला. कान लावला तर खालच्या क्लँपपाशी बारीक सूं सूं. मीच सैल ठेवलेला. तो आवळल्यावर काटा पाच मिनिटं हलला नाही. मग पाणी न मिसळलेलं कूलंट जास्त घालून केलेल्या मिश्रणात नळी बुडवली, व्हॉल्व्ह उघडला, आणि बादली उन्हातून आलेल्या म्हशीने प्यावी तशी रिकामी झाली. रेघ उणे ३५ वर.

यंत्राबद्दल तक्रार दोनच. बूच घामट हाताने बसवलं की निसटतं, आणि माझा छोटा कॉम्प्रेसर मध्येच दमतो, त्यामुळे हवा दोन टप्प्यांत खेचावी लागली. कॉम्प्रेसर नसेल तर हे यंत्र घेऊन उपयोग नाही.

तेव्हापासून ३५ डिग्रीच्या दुपारी निवांत चालवताना ४६, जोर लावल्यावर ६० आणि मिनिटाभरात परत खाली. पहिल्या आठवड्यात टाकीतली पातळी बोटभर उतरली, ती भरली. नंतर जैसे थे. एक मित्र म्हणत होता, टेक्सासात अँटीफ्रीझ (पाणी गोठू न देणारं कूलंट) कशाला, नुसतं पाणी उष्णता जास्त वाहून नेतं. ते बरोबर, पण फेब्रुवारी २०२१मध्ये इथे पारा उणे १० वर गेला होता, घराघरांतले पाइप फुटले होते. शिवाय आतल्या ॲल्युमिनियमला गंजापासून कोण वाचवणार?

जुनं कूलंट झाकणबंद कॅनमध्ये काउंटीच्या घातक कचरा केंद्रावर दिलं. ते चवीला गोड आणि विषारी असतं, आणि शेजाऱ्यांचा कुत्रा आमच्या ड्राइव्हवेवरच लोळत असतो.

एक शंका उरली आहे. थंड सकाळी पंप सुरू होताना क्षणभर कण्हतो. आकडे ठीक आहेत म्हणून हात लावलेला नाही. जूनच्या उन्हात ६० चे ६५ झाले, तर पंपच बदलेन.