स्तनपानाचे मार्गदर्शन: रुग्णालयात, व्हिडिओ कॉलवर की घरी?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत बाळंतपणाची तयारी करणाऱ्या जोडप्याला स्तनपानाविषयीची माहिती आज कमी पडत नाही. जन्मानंतर पहिल्या तासात बाळाला अंगावर घ्यावे, पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाण्याचा थेंबही देऊ नये, त्यानंतर वरच्या आहारासोबत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ पाजत राहावे, हे बहुतेकांना पाठ असते. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. सगळे ठाऊक असूनही बाळ नीट पकड घेत नाही, स्तनाग्रांना चिरा पडतात, आणि रात्री अडीच वाजता कोणाला विचारावे ते सुचत नाही. मदतीचे मार्ग मुख्यत्वे तीन आहेत: रुग्णालयातील स्तनपान मार्गदर्शन कक्ष, व्हिडिओ कॉलवरील सल्ला आणि घरी येणाऱ्या स्तनपान सल्लागार. आमच्या मुलीच्या पहिल्या तीन आठवड्यांत आम्ही हे तिन्ही मार्ग चोखाळले. त्यामुळे पुढे जे लिहिले आहे ते एका घराच्या अनुभवावरून लिहिले आहे, हे लक्षात घेऊनच ते वाचावे.

पत्नीचे सिझेरियन झाले होते. चौथ्या दिवशी आम्ही कासारवडवलीला घरी आलो. जन्मताना मुलीचे वजन २ किलो ९०० ग्रॅम होते आणि सहाव्या दिवशी ते २ किलो ६८० ग्रॅम भरले. सुरुवातीच्या दिवसांत नवजात बाळाचे वजन काहीसे उतरतेच आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत ते पुन्हा जन्मवजनापर्यंत येते, त्यामुळे आकडा एकट्याने घाबरवणारा नव्हता. मात्र पाजताना पत्नीच्या डोळ्यांत पाणी येत होते, लंगोट मोजकेच ओले होत होते, आणि बालरोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले होते की काळजी करू नका, पण नुसती वाट पाहत बसू नका. त्यांनीच आम्हाला रुग्णालयातील कक्षाकडे पाठवले.

रुग्णालयातील कक्षाची बाजू खरोखर भक्कम आहे. तिथे अचूक वजनकाटा असतो, पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर वजन करून बाळाच्या पोटात किती गेले याचा अंदाज घेता येतो, कावीळ वाटली तर बालरोगतज्ज्ञ शेजारच्याच खोलीत असतात, आणि फीदेखील घरभेटीपेक्षा बरीच कमी असते. बाळ दिवसांआधी जन्मलेले असेल, वजन फारच कमी असेल किंवा आईला ताप येऊन स्तनात लाल, दुखरी गाठ झाली असेल, तर दुसरा विचार न करता रुग्णालयातच जावे. अगदी अशक्त बाळांसाठी मोठ्या रुग्णालयांत ज्या सोयी असतात, त्या घरी उभ्या करता येत नाहीत. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मुंबईतच, शीव येथील रुग्णालयात सुरू झाली, हे त्याचे एक उदाहरण.

आमचे गाडे अडले ते वेगळ्याच ठिकाणी. कक्ष आठवड्यातून दोन दिवस, अकरा ते एक या वेळात चालत असे. घोडबंदर रस्त्याने निघालो की गाडीच्या हेलकाव्यांनी मुलगी मानपाड्यापर्यंत हमखास झोपून जाई, आणि प्रत्येक गतिरोधकावर पत्नी टाक्यांवर हात दाबून धरी. पहिल्या खेपेला आमचा नंबर आला तेव्हा मुलगी गाढ झोपेत होती. तेथील मार्गदर्शक बाईंनी तिचे दुपटे सोडले, तळपाय चोळले, ओल्या कापसाने कपाळ पुसले, पण तिने डोळे उघडले नाहीत. शेवटी त्यांनी कापडी बाहुली हातात घेऊन पकड कशी असावी ते दाखवले. त्या अनुभवी होत्या, बोलणे आपुलकीचे होते आणि त्यांनी सांगितलेले काहीही चुकीचे नव्हते. परंतु बाहुलीची मान आपण ठेवू तशी राहते, तर सहा दिवसांचे भुकेले बाळ मूठ तोंडापुढे आणते, पाठ ताठ करते आणि तोंड अर्धवट उघडून मिळेल तेवढे पकडते.

दुसऱ्या खेपेला आम्ही वेळेचे गणित करून गेलो. नऊ वाजता पाजले, म्हणजे साडेअकराच्या सुमारास तिला भूक लागेल असा हिशेब होता. तो हिशेब बरोबरही आला, कारण अकरा चाळीसला ती रडू लागली. नंबर मात्र बारा वीसला येणार होता. चाळीस मिनिटे भुकेल्या बाळाला रडत ठेवणे कोणत्या आईला जमेल? पत्नीने दाराबाहेरच्या बाकावर, भिंतीकडे तोंड करून, अंगावर ओढणी घेऊन तिला पाजले. तशीच चुकीची पकड झाली, तशीच कळ आली, आणि आत बोलावले तेव्हा मुलगी पोट भरून झोपली होती. जे दाखवण्यासाठी आम्ही एवढ्या लांबून आलो होतो, ते दारापासून दहा फुटांवर घडून गेले आणि ज्यांनी ते पाहायला हवे होते त्यांना दिसलेच नाही. त्यात त्यांचा दोष नव्हता, कारण आत दुसरी आई होती आणि तिचाही प्रश्न तेवढाच तातडीचा होता. तरीही परतीच्या वाटेवर पत्नी एवढेच म्हणाली, “बाळाची भूक आणि आपला नंबर कधीच जुळणार नाहीत.” निर्णय तिथेच झाला, असे आज वाटते.

मधल्या एका संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर सल्ला घेतला, त्याविषयी थोडक्यात सांगतो. वेळ बाळाच्या भुकेनुसार पुढेमागे करता आली, हा मोठा फायदा होता. पण फोन माझ्या हातात होता, “थोडे खाली घ्या, आता डावीकडे, तुमच्या हाताची सावली पडते आहे” अशा सूचना येत राहिल्या, आणि पलीकडच्या बाईंना बराच वेळ बाळाच्या डोक्याची मागची बाजूच दिसत राहिली. बाळाचा खालचा ओठ बाहेर वळला आहे की आत दुमडला आहे, हे कॅमेऱ्यातून कळणे अवघड आहे आणि नेमके तेच पाहायचे असते. पुढे रजा संपत आल्यावर दूध काढून कसे साठवावे हे विचारण्यासाठी मात्र हाच मार्ग आम्हाला अतिशय सोयीचा ठरला. पकड एकदा बसल्यानंतरच्या प्रश्नांसाठी व्हिडिओ कॉल पुरेसा आहे, असे माझे मत आहे.

घरभेटीला आलेल्या ताई सकाळी साडेदहाला पोहोचल्या, तेव्हाही मुलगी झोपलेलीच होती. त्यांनी तिला उठवले नाही. बाळंतपण कसे झाले, पहिल्यांदा अंगावर केव्हा घेतले, कळ सुरुवातीला येते की शेवटपर्यंत राहते, दिवसभरात किती लंगोट ओले होतात, हे सगळे त्यांनी शांतपणे विचारले. पत्नीच्या जखमा पाहिल्या, चहा घेतला आणि वाट पाहिली. जवळजवळ पन्नास मिनिटांनी मुलगी चुळबुळ करू लागली, तिने मान इकडेतिकडे वळवली आणि मूठ तोंडाकडे नेली, तेव्हा त्या म्हणाल्या, “आता घ्या. रडेपर्यंत थांबू नका. रडणे ही भुकेची शेवटची खूण आहे.” तोपर्यंत आम्ही दर वेळी ती रडल्यावरच तिला उचलत होतो.

त्यानंतर त्यांनी पाच मिनिटे काहीही न बोलता नुसते पाहिले. पत्नी नेहमीप्रमाणे सोफ्यावर बसली होती. सोफा मध्ये खचलेला होता, त्यामुळे ती पुढे वाकून स्तन बाळापर्यंत नेत होती आणि खांदे वर चढत होते. मुलीचे पोट छताकडे आणि तोंड आईकडे, म्हणजे मान पिळलेली होती. तशा अवस्थेत मोठ्या माणसालाही घोट गिळणे जड जाईल. ताईंनी आधी जागा बदलली. स्वयंपाकघरातली ताठ पाठीची, बिनहातांची साधी खुर्ची आणवली, पायाखाली पाट ठेवला आणि सोलापुरी चादरीची घडी करून पत्नीच्या बाजूला लावली. टाक्यांवर भार येऊ नये म्हणून मुलीला मांडीवर आडवे न घेता काखेखालून, पाय पाठीमागे सोडून धरायला शिकवले. बाळाचे नाक स्तनाग्रासमोर आणून तोंड जांभईसारखे मोठे उघडेपर्यंत थांबायचे आणि मग हनुवटी आधी टेकवत त्याला चटकन जवळ घ्यायचे, हे त्यांनी पत्नीच्या हाताखाली हात धरून करवून घेतले. पहिल्या दोन प्रयत्नांत बोट घालून पकड सोडवावी लागली. तिसऱ्यांदा खालचा ओठ बाहेर वळला, स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग खालच्यापेक्षा वरच्या बाजूला अधिक दिसू लागला, आणि थोड्या वेळाने गिळण्याचा बारीक, संथ आवाज ऐकू आला. कळ पूर्ण गेली नव्हती, पण पत्नीचे खांदे त्या आठवड्यात पहिल्यांदाच खाली आले.

यातला खचलेला सोफा रुग्णालयात कोणाला दिसला असता? तिथल्या खुर्च्या चांगल्याच असतात.

घरभेटीचा आणखी एक लाभ आम्ही आधी लक्षात घेतला नव्हता. सासूबाई ऐरोलीहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या आणि पान्हा वाढावा म्हणून हळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू आणि शेपूची भाजी मोठ्या मायेने करत होत्या. रुग्णालयात एकाच नातेवाइकाला आत सोडत असल्याने त्या कधीच बरोबर नव्हत्या, आणि आम्ही येऊन काही सांगितले तर ते ऐकीव ठरत असे. ताईंनी त्यांच्याशीही तेवढ्याच आदराने बोलून सांगितले की लाडूंनी बाळंतिणीला ताकद येते, ते जरूर द्या, पण दूध वाढते ते स्तन वारंवार आणि नीट रिकामा झाल्याने, म्हणून चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे हाच मुख्य उपाय आहे. बाळगुटीतला मध मात्र वर्षाच्या आत अजिबात नको, हेही त्यांनी कारणासह समजावले. सासूबाईंनी मधाची बाटली त्याच दुपारी वर ठेवून दिली. माझ्याकडे रात्रीची कामे आली: मुलीला उचलून आणणे, ढेकर काढणे आणि ओल्या लंगोटांची संख्या कालनिर्णयावर लिहिणे. पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहा किंवा अधिक ओले लंगोट ही समाधानाची खूण, हे त्यांनी सांगितले होते. घरभेटीनंतर चौथ्या दिवशी मी सातचा आकडा लिहिला. पंधराव्या दिवशी वजन पुन्हा २ किलो ९०० ग्रॅमच्या वर गेले, आणि ते मोजायला आम्ही रुग्णालयातच गेलो होतो.

बाळंतिणीच्या घरी जाऊन मदत करण्याचे मोल महाराष्ट्राला नवे नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांकडून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली, त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे आशा कार्यकर्तींच्या घरभेटींच्या राष्ट्रीय कार्यक्रमाला त्याचा आधार मिळाला. रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेकडे तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे, असे त्या कार्यक्रमात ठरलेले आहे. तो प्रयोग केवळ स्तनपानाचा नव्हता, त्यामुळे त्यावरून मी फार मोठा निष्कर्ष काढत नाही. मात्र २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ८८.६ टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्याचे आणि तरीही पहिल्या तासात स्तनपान सुरू झालेल्या बालकांचे प्रमाण ४१.८ टक्केच असल्याचे दिसते. रुग्णालयाच्या इमारतीत असणे आणि पाजताना कोणी शेजारी बसलेले असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घरभेटीला मर्यादा आहेत, त्याही सांगायला हव्यात. आमच्या बाबतीत तिची फी रुग्णालयातील फीच्या साधारण तिप्पट होती. शिवाय स्वतःला सल्लागार म्हणवून घेणे कोणालाही शक्य असल्याने चौकशी करावी लागते. आयबीसीएलसी, म्हणजे स्तनपान सल्लागारांसाठीची आंतरराष्ट्रीय पात्रता, परीक्षा देऊन मिळवली आहे का, किंवा परिचारिका म्हणून प्रसूती कक्षात काम केले आहे का, हे फोनवर विचारायला संकोच करू नये. येणाऱ्या व्यक्तीने एखाद्या कंपनीच्या दुधाच्या डब्याचा नमुना पुढे केला, तर तिथेच थांबावे, कारण १९९२ च्या कायद्याने मातांना असे नमुने देण्यास मनाई आहे. आणि रुग्णालय अगदी जवळ असेल तर माझे सगळे म्हणणे कदाचित लागूच पडणार नाही. माझी बहीण नेरूळला राहते. रुग्णालय तिच्या सोसायटीपासून चालत पाच मिनिटांवर आहे, आणि बाळ चुळबुळ करू लागले की निघायचे असे तिने तिथल्या परिचारिकेशी ठरवून घेतले होते. तीन फेऱ्यांत तिचे काम झाले आणि घरभेटीची गरज पडली नाही.

जिथे वाटेत एक तास जातो आणि नंबरसाठी दुसरा, तिथे मात्र मी घरभेटीकडेच झुकेन. वजन, कावीळ आणि ताप यांसाठी रुग्णालय, पकडीसाठी घर आणि नंतरच्या शंकांसाठी व्हिडिओ कॉल, अशी आमची विभागणी आता ठरून गेली आहे.

आमच्याकडे दुसऱ्या बाळाची चाहूल आहे. या वेळी पत्नी बाळंतपणासाठी माहेरी जाणार असल्याने आठव्या महिन्यातच ताईंना फोन करून घरी आल्यानंतरच्या पहिल्या दिवसाची भेट बोलून ठेवली आणि पत्ता ऐरोलीचा दिला. तिथे ताठ पाठीची, बिनहातांची खुर्ची आहे का, एवढेच त्यांनी विचारले. सासूबाईंनी ती माळ्यावरून काढून, पुसून, खिडकीपाशी ठेवली आहे.