पंधरा डॉलरची सही आणि लाल फितीचा कागद

कॅलिफोर्नियात बसून पुण्यातला फ्लॅट विकायचा म्हटलं की सगळं घोडं एकाच कागदापाशी अडतं, तो म्हणजे कुलमुखत्यारपत्र, आपल्या वतीने सह्या करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद. आई गेल्यावर कोथरूडचा फ्लॅट दादाच्या आणि माझ्या नावावर झाला. गिऱ्हाईक चांगलं मिळालं, एक लाख इसार घेतला, त्यांचं बँकेचं कर्जही मंजूर झालं. दादाचा फोन आला, "अगं, तू यायची काही गरज नाही. वकीलबाई मसुदा पाठवतायत. तिथे नोटरी करून घे, अपोस्टील करून घे आणि कुरिअर कर. एवढंच." अपोस्टील म्हणजे नोटरीची सही खरी आहे असा परदेशात चालणारा सरकारी दाखला.

नेमकी त्याच आठवड्यात मी गराजच्या पायरीवरून घसरले. घोटा मोडला, पायात प्लॅस्टरऐवजी घालतात तो जाडजूड बूट, गाडी चालवायची नाही, आणि नवरा कामासाठी टेक्सासला. म्हणून घरी येणारा नोटरी शोधला. ही सोय इथे राजरोस आहे, त्यात गैर काही नाही. मोबाइल नोटरी हॉस्पिटलात जातात, वृद्धाश्रमात जातात, घरकर्जाच्या सह्यांसाठी रात्री आठ वाजता तुमच्या जेवणाच्या टेबलावर येऊन बसतात. माझी चूक नोटरीला घरी बोलावण्यात नव्हती, कुणाला बोलावलं त्यात होती. मैत्रिणीने देसी किराणा दुकानाच्या फळ्यावरच्या जाहिरातीचा फोटो पाठवला होता: इंडियन डॉक्युमेंट्स स्पेशालिस्ट, पीओए (म्हणजे कुलमुखत्यारपत्र), अपोस्टील, ओसीआय (परदेशस्थ भारतीयांचं कार्ड), घरपोच सेवा. 'इंडियन' हा शब्द वाचूनच मी निश्चिंत झाले.

गृहस्थ वेळेवर आले. न सांगता दारात बूट काढले. इथे कोण काढतं हो? मी तिथेच अर्धी जिंकली गेले. चहा घेतला, आईबद्दल दोन शब्द बोलले. मग माझं लायसन्स पाहिलं, माझी सही घेतली आणि मसुद्याच्या बाराच्या बारा पानांवर ठप ठप शिक्के मारले. आपल्याकडे पानोपानी शिक्का पाहायची सवय, त्यामुळे मला ते फारच रीतसर वाटलं. बॅगेत एक रजिस्टर दिसत होतं. "यात सही करायची का?" मी विचारलं. "वो मैं गाडी में भर लूंगा, मॅडम, आप पैर को आराम दीजिए."

बिल झालं ७३० डॉलर. पानाला पंचवीसप्रमाणे तीनशे, येण्याजाण्याचे ऐंशी आणि 'कॉन्सुलेट अपोस्टील'चे साडेतीनशे. पैसे फोनवरून थेट त्यांच्या खात्यात टाकले. हातात आली एक चिठ्ठी, तिच्यावर नुसती एकूण रक्कम.

दहा दिवसांनी कागद घरी आला. वर सोनेरी चकती, लाल फीत, आत जाड मलईरंगी कागद. एखाद्या श्रीमंत घरची लग्नपत्रिका असावी असा थाट. मी त्याचा फोटो काढून दादाला पाठवला आणि त्याच दिवशी कुरिअर केला.

पुण्यात वकीलबाईंनी तो कागद दुय्यम निबंधकाच्या कार्यालयापर्यंत जाऊच दिला नाही, हे आमचं नशीब. त्यांनी सोनेरी चकतीकडे बघितलंही नाही. अपोस्टीलवर क्रमांक घातलेल्या दहा ओळी असतात. ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग कराराने तो नमुना ठरवून दिलेला आहे आणि भारत त्या करारात २००५ साली आला. दुसऱ्या ओळीत दस्तावर कोणाची सही आहे ते लिहितात, म्हणजे नोटरीचं नाव. सातव्या ओळीत हा दाखला कोण देतंय ते येतं. माझ्या कागदावर दोन्हीकडे एकच नाव होतं. स्वतःच्या सहीला स्वतःच दाखला, आपला हात जगन्नाथ! आठव्या ओळीतला क्रमांक वकीलबाईंनी कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या, म्हणजे नोटरी नेमणाऱ्या आणि अपोस्टील देणाऱ्या राज्य खात्याच्या, संकेतस्थळावर टाकून पाहिला. तिथे अपोस्टीलचा क्रमांक कोणालाही, फुकट, तपासता येतो. या क्रमांकाची नोंदच नव्हती.

मी त्या गृहस्थांना फोन केला. उत्तर काय मिळावं? "मॅडम, आप का पेपर परफेक्ट है. इंडियावाले पैसे खाने के लिए अटकाते हैं." आणि लाज वाटते सांगायला, पण मला ते दिवसभर पटलं. वीस वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाला आपल्या कार्यालयांबद्दल काय सांगितलं की खरं वाटतं, हे त्या गृहस्थांना नेमकं ठाऊक होतं. मी दादालाच म्हणाले, "देऊन टाक ना काहीतरी, काम होईल." दादा एरवी चिडत नाही. त्या दिवशी चिडला. "तू काय माझी ताई आहेस, ऐकून घ्यायला? मोठा आहे मी तुझ्यापेक्षा. खोटा कागद मी सरकारी टेबलावर ठेवायचा आणि वर पैसे चारायचे? आत कोण जाईल, तू की मी?"

त्यानंतर फोन बंद झाला. म्हणजे त्या गृहस्थांचा, मला.

नवरा टेक्सासहून आल्यावर मला घराजवळच्या पार्सलच्या दुकानात घेऊन गेला. तिथे काउंटरवरची पंचविशीतली मुलगी नोटरी होती. तिने आधी नोटरीच्या नोंदींची जाड वही उघडली, तारीख, वेळ, दस्ताचा प्रकार, लायसन्सचा नंबर लिहिला, माझी सही घेतली आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं. उजवा अंगठा. मी क्षणभर बावरले. आपल्या मनात अंगठा म्हणजे निरक्षराची खूण, आपण सहीवाली माणसं. त्या गृहस्थांनी अंगठा मागितला नाही याचं तेव्हा मला बरंच वाटलं होतं. मुलगी म्हणाली, कुलमुखत्यारपत्र असेल किंवा घरजमिनीच्या मालकीचा दस्त असेल, तर कॅलिफोर्नियात वहीत उजव्या अंगठ्याचा ठसा घ्यावाच लागतो, तसा कायदाच आहे. शिक्का तिने मारला एकच, शेवटच्या प्रमाणपत्रावर. त्या प्रमाणपत्राच्या वरच्या चौकटीत छापलेलं असतं की नोटरी फक्त सही करणाऱ्याची ओळख पडताळतो, कागदातल्या मजकुराच्या खरेपणाची किंवा वैधतेची हमी देत नाही. पहिल्या कागदावरही ती चौकट होती. मी वाचली नव्हती.

पैसे किती? पंधरा डॉलर. एका सहीला जास्तीत जास्त एवढेच घेता येतात, पानं बारा असोत की बाराशे. घरी यायचे पैसे वेगळे, आधी ठरवून घेतात, ते ठीक. पण पानावर दर लावणारा माणूस तुम्हाला गंडवतोय हे पहिल्या मिनिटाला ओळखायला हवं होतं.

खरी गोम कुठे होती, ते मला त्या काउंटरवर उभी असताना कळलं. पुण्यात नोटरी म्हणजे वकीलच, निदान सात-दहा वर्षं कोर्टात काढलेला. कॅलिफोर्नियात सहा तासांचा वर्ग, एक परीक्षा, बोटांचे ठसे देऊन केलेली तपासणी आणि पंधरा हजार डॉलरचा हमीचा बाँड दिला की अठरा वर्षांपुढचं कोणीही चार वर्षांसाठी नोटरी होतं. ती मुलगी एरवी खोकी चिकटवते, आणि तिचं काम तिने चोख केलं. त्या गृहस्थांना मात्र मी मनातल्या मनात काळा कोट चढवला होता. 'इंडियात हे चालेल' असं ते ठणकावून म्हणाले, तेव्हा वकील बोलतोय असंच मी ऐकलं. नोटरीने असा सल्ला द्यायचाच नसतो. इथल्या स्पॅनिश बोलणाऱ्या लोकांची याच शब्दावरून इतकी लूट झाली आहे, कारण त्यांच्याकडेही 'नोतारिओ' म्हणजे बडा वकील, की कॅलिफोर्नियाने नोटरीला जाहिरातीत तो स्पॅनिश शब्द वापरायला बंदी केली आहे. आपल्यासाठी अशी बंदी नाही, कारण आपला शब्द इंग्रजीच आहे.

अपोस्टील कॉन्सुलेट देत नाही, हेही मला ठाऊक नव्हतं. ज्या राज्यात नोटरी झाली, ते राज्य देतं. सॅन फ्रान्सिस्कोत आपलं कॉन्सुलेट आहे, त्यामुळे 'कॉन्सुलेट अपोस्टील' ऐकायला अगदी बरोबर वाटतं. आम्ही पहाटे निघून राज्याच्या राजधानीला, सॅक्रामेंटोला, सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयात गेलो. वीस डॉलर अपोस्टीलचे, समक्ष गेल्याचे सहा वर. कागद त्याच दिवशी हातात आला. साधा, ना फीत ना चकती, खाली क्रमांक तपासायचा पत्ता छापलेला. पंधरा आणि सव्वीस, झाले एक्केचाळीस.

पुढचं काम दादाने केलं. बाहेर देशात केलेला दस्त महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. सख्ख्या भावाला विनामोबदला दिलेलं म्हणून आमचे पाचशे रुपये लागले. पण तोवर गिऱ्हाईक थांबलं नाही. त्यांच्या कर्जमंजुरीची मुदत संपत होती, त्यांनी दुसरीकडे घर घेतलं. दादाने इसाराचे लाख परत केले. फ्लॅट चार महिन्यांनी गेला, तीन लाख कमी घेऊन.

सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे मी तक्रार केली आहे, चिठ्ठी आणि खोट्या अपोस्टीलची प्रत जोडून. शिवाय त्या गृहस्थांना लेखी पत्र पाठवून माझ्या नोंदीची प्रत मागितली. महिना, नाव आणि दस्ताचा प्रकार कळवला, तर नोटरीला आपल्या वहीतली ती ओळ कोणालाही दाखवावी लागते, पंधरा कामकाजी दिवसांत. पंधरा दिवस कधीच उलटले. गाडीत भरायची राहिलेली ओळ तो कुठून दाखवणार? आणि अंगठा तर माझ्याकडेच आहे.

पाय मोडल्यावर परवा पहिल्यांदा त्या किराणा दुकानात गेले. फळ्यावर जाहिरात होती तशीच होती, नव्या कागदावर, खाली फोन नंबरच्या कातरलेल्या पट्ट्या. त्यातल्या तीन फाडून नेलेल्या. मी दुकानदाराला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बोर्ड फ्री है, मॅडम, कोई भी लगा सकता है." मग मी तो कागद काढला, घडी घालून पर्समध्ये टाकला आणि कोथिंबीर घेऊन घरी आले.