परदेशातून बेळगावला परतल्यावर कारचा इन्शुरन्स : दहा महिन्यांच्या वापरानंतर

दुबई, मस्कत, दोहा किंवा कुवेत सोडून बेळगाव, खानापूर, निपाणीकडे कायमचं परतणारा माणूस कार घेतो आणि त्याच संध्याकाळी मोबाईलवर चार-पाच साइट उघडून इन्शुरन्सचे दर बघत बसतो. बघायला हरकत नाही. पण दर खरा खाली आणणारा कागद, म्हणजे क्लेम केला नसल्याचं पत्र, त्या साइटवर नसतो. तो परदेशातल्या जुन्या इन्शुरन्स कंपनीकडे असतो आणि विमानात बसण्याआधीच मागून घ्यायचा असतो. हा अनुभव ११९७ सीसीच्या पेट्रोल कारचा : फर्स्ट पार्टी पॉलिसी (दुसऱ्याचं आणि स्वतःच्या गाडीचं, दोन्ही नुकसान धरणारी), वर झिरो डेप (सुट्या भागांवर घसाऱ्याची कपात न करणारं) आणि इंजिन प्रोटेक्ट (इंजिनासाठीचं) ही दोन अ‍ॅड-ऑन, म्हणजे जादा कव्हर. दहा महिने आणि एक अख्खा पावसाळा वापरून झाल्यावर कशाचे पैसे वसूल झाले, कशाचे नाहीत, ते खाली.

आधी हिशेब. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीच्या विम्याचा दर सरकार ठरवतं, म्हणून तो सगळ्या कंपन्यांत सारखाच. जून २०२२ पासूनच्या तक्त्यात १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, त्यावर १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ७,८९७. इथे घासाघीस नाही. घासाघीस होते ती ओन डॅमेजच्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या रकमेवर. ती आयडीव्हीवर, म्हणजे गाडीच्या धरलेल्या किमतीवर निघते. मूळ टॅरिफमध्ये, म्हणजे एकेकाळी सगळ्या कंपन्यांना सक्तीच्या असलेल्या दरपत्रकात, यासाठी देशाचे दोन झोन आहेत. मुंबई, पुणे, बेंगळुरू, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद, अहमदाबाद हे झोन ए, बाकी सगळा देश झोन बी. म्हणजे केए-२२ बेळगाव, केए-२३ चिकोडी आणि एमएच-०९ कोल्हापूर एकाच पंगतीत, पण एमएच-१२ पुणे पासिंगची तीच गाडी थोडी महाग. पाच वर्षांच्या आतल्या या इंजिनाच्या कारला झोन एमध्ये ३.२८३ टक्के, झोन बीमध्ये ३.१९१. सहा लाख आयडीव्हीवर फरक ५५२ रुपयांचा. २००७ पासून कंपन्यांना दरात सूट द्यायची मोकळीक आहे, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे वेगळे दिसतात, पण पाया हाच.

खरी बचत एनसीबीत, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलच्या सवलतीत. एक वर्ष क्लेम नसेल तर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनी ५०. ही सवलत फक्त ओन डॅमेजवर मिळते, थर्ड पार्टीवर नाही. सहा लाख आयडीव्ही, झोन बी आणि कंपनीने टॅरिफवर निम्मी सूट दिली असं धरू. ओन डॅमेज ९,५७३ रुपये. थर्ड पार्टी मिळवून, १८ टक्के जीएसटी लावून, एनसीबीशिवाय १५,३२७. वीस टक्के एनसीबी लागली तर १३,०६८. पन्नास टक्के लागली तर ९,६७९. अ‍ॅड-ऑन आणि अपघात कव्हर यात धरलेलं नाही. सगळ्यात स्वस्त कंपनी शोधून जेवढे वाचतात, त्याहून जास्त एका पत्राने वाचू शकतात.

ते पत्र परदेशातलंही चालतं, हे आपल्याकडच्या बऱ्याच एजंटांना माहीत नसतं. मोटर टॅरिफच्या सामान्य नियम २७ मध्ये ते स्पष्ट आहे : परदेशात मिळवलेल्या एनसीबीचा पुरावा दिला तर तिथे जेवढी पात्रता होती त्यानुसार इथल्या नव्या पॉलिसीवर सवलत देता येते. अट एकच, परदेशातली पॉलिसी संपल्यापासून तीन वर्षांच्या आत इथली घेतलेली असावी. पत्रात काय हवं? पॉलिसी नंबर, गाडीचा नंबर आणि चासी नंबर, पॉलिसी सुरू झाल्याची व संपल्याची तारीख, सलग किती वर्षं क्लेम नाही त्याचा आकडा, आणि एकही क्लेम अर्धवट पडलेला नाही असं वाक्य. कंपनीच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह. नुसता जुन्या पॉलिसीचा पीडीएफ चालत नाही, कारण त्यात क्लेम झाला की नाही ते लिहिलेलं नसतं.

ऑनलाइन फॉर्ममध्ये मात्र याला जागा नाही. तिथे मागच्या कंपनीचं नाव यादीतून निवडावं लागतं आणि यादीत भारतीय कंपन्याच असतात. मग कुणीतरी सुचवतं, 'कुठलीही टाका, पन्नास टक्के टिक करा, कोण बघतंय?' क्लेम आला की बघतात. एनसीबीची खातरजमा मागच्या कंपनीकडून करून घ्यायची, हे नियमातच आहे, आणि खोटं निघालं तर ओन डॅमेजचा पूर्ण क्लेम हातचा जातो. म्हणून ही पॉलिसी शाखेत जाऊनच घ्यावी. न्यू इंडिया, युनायटेड इंडिया, ओरिएंटल, नॅशनल या चारही सरकारी कंपन्यांच्या शाखा बेळगावात आहेत, खासगी कंपन्यांच्याही आहेत. काउंटरवर पहिलं उत्तर 'असं चालत नाही' हेच यायची शक्यता धरून जावं. नियम २७ ची प्रत, मूळ पत्र आणि पासपोर्टची प्रत सोबत ठेवावी, आणि अंडररायटरला, म्हणजे पॉलिसी मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला, ईमेल पाठवायची विनंती करावी. लेखी विचारलं की लेखी उत्तर द्यावं लागतं.

याहून जास्त जण ज्या खड्ड्यात पडतात तो नावाचा. एनसीबी गाडीची नसते, मालकाची असते. घरी परतलेला मुलगा कौतुकाने गाडी बाबांच्या नावावर घेतो, कधी लोनच्या सोयीसाठी, कधी घरातली रीत म्हणून. मग मुलाच्या नावाचं परदेशातलं पत्र रद्दीच्या भावाचं. उलट दिशेनेही तसंच. वडिलांची एनसीबी मुलाला मिळते ती वारस म्हणून, ते हयात असताना नाही. गल्फमध्ये कंपनीची गाडी चालवलेल्यांचाही इथे हिरमोड होतो, कारण ती पॉलिसी कंपनीच्या नावावर होती. परदेशी जाताना इथली स्वतःची कार विकलेल्यांनी मात्र जुने कागद उपसावेत. विकताना एनसीबी राखून ठेवल्याचं पत्र घेतलं असेल तर तेही तीन वर्षं चालतं.

नावाचं स्पेलिंग हा वेगळा त्रास. पासपोर्टवर स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लांबलचक असतं, परदेशातल्या पॉलिसीवर तेच उतरतं, आणि आधारवर नुसतं नाव-आडनाव. नोव्हेंबर २०१४ मध्ये शहराचं अधिकृत नाव बदललं, त्यामुळे पत्त्यात एका कागदावर बेलगाम, दुसऱ्यावर बेळगावी. पत्त्याचा फरक सहसा आड येत नाही, नावाचा येतो. आरसी ज्या नावाने निघणार, त्याच नावाने प्रपोजल म्हणजे पॉलिसीचा अर्ज भरावा आणि पासपोर्टची प्रत जोडावी.

जुनी गाडी घेणार असाल तर आणखी दोन गोष्टी. पुण्या-मुंबईकडून एमएच पासिंगची गाडी आणणं आपल्याकडे नेहमीचं. विकणारा म्हणतो, 'पॉलिसी चालू आहे, एनसीबीसकट घ्या.' चालू पॉलिसीतला थर्ड पार्टीचा भाग तुमच्याकडे आपोआप येतो, ओन डॅमेज येत नाही. १४ दिवसांत कंपनीकडे नाव बदलायचा अर्ज द्यावा लागतो, आणि विकणाऱ्याची एनसीबी त्याच्याकडेच राहते, म्हणून उरलेल्या मुदतीच्या सवलतीची रक्कम तुमच्याकडून वसूल होते. ती व्यवहारातच वळती करून घ्यावी. दुसरं, दुसऱ्या राज्याच्या पासिंगची गाडी कर्नाटकात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की इथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी लागते. केए नंबर मिळाला की पॉलिसीवर एंडोर्समेंट, म्हणजे नव्या नंबरची नोंद, करून घ्यायचीच. चासी नंबर तोच आहे म्हणून पॉलिसी रद्द होत नाही, पण क्लेमच्या वेळी नुकसान तपासायला आलेला सर्व्हेयर जुना नंबर बघून फाइल बाजूला ठेवतो.

आता अ‍ॅड-ऑन. झिरो डेप पहिल्या पाच वर्षांत घ्यावाच. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर सरळ निम्मी कपात होते, आणि आजच्या गाडीचा पुढचा-मागचा भाग बहुतेक प्लास्टिकच. दहा हजारांचा बंपर बदलला तर पाच हजार तुमचे. काचेवर कपात नाही. झिरो डेप असला तरी १५०० सीसीपर्यंत हजार रुपये सक्तीचे भरावेच लागतात, त्यामुळे 'एक रुपयाही लागणार नाही' हे एजंटचं बोलणं एका कानाने ऐकावं. वर्षाला किती क्लेमना झिरो डेप लागू आहे, ते पॉलिसीत बघून घ्यावं.

इंजिन प्रोटेक्टची किंमत जून ते सप्टेंबरमध्ये कळते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं, आणि आपल्या शहरातलेही काही सखल रस्ते दोन तासांच्या पावसात भरतात. पुराने सीट, वायरिंग, कार्पेट खराब झालं तर साधी फर्स्ट पार्टी पॉलिसी देते. देत नाही ती पाणी ओढून बसलेलं इंजिन. एअर इंटेकमधून पाणी सिलिंडरमध्ये गेलं की पिस्टनला ते दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि कंपनी म्हणते हे चालवल्यामुळे झालेलं नुकसान. अ‍ॅड-ऑन असूनही बंद पडलेली गाडी पुन्हा पुन्हा सेल्फ मारली असेल तर क्लेम अडतो. गाडी पाण्यात बंद पडली की चावी काढायची, ढकलून उंचावर न्यायची, पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढायचे आणि टोइंग बोलवायचं. सेल्फला हात लावायचा नाही.

रोडसाइड असिस्टन्स या दहा महिन्यांत सगळ्यात कमी उपयोगाचा वाटला. शहरात पंक्चरवाला त्यांच्याआधी पोचतो. गोव्याला जाताना चोर्ला घाटात त्याची खरी गरज, आणि नेमकी तिथेच रेंज भरवशाची नाही. फुकट टोइंग किती किलोमीटरपर्यंत, तो आकडा पॉलिसीत असतो. खानापूर किंवा अथणीहून बेळगावच्या कॅशलेस गॅरेजपर्यंत तो पुरतो का, ते घेतानाच तपासावं. ऐच्छिक कपात म्हणजे व्हॉलंटरी डिडक्टिबल मात्र चांगली. अडीच हजारांची घेतली तर ओन डॅमेजवर २० टक्के, जास्तीत जास्त ७५० रुपये सुटतात. छोटे क्लेम करायचेच नसतील तर ही बचतच.

छोटे क्लेम का करायचे नाहीत? वरच्याच उदाहरणात एनसीबी पन्नासवर असताना एक क्लेम केला तर ती शून्यावर येते आणि पुन्हा पन्नासवर चढायला पाच वर्षं लागतात. त्या काळात जीएसटीसह साधारण १४ हजार रुपये जास्त जातात. आयडीव्ही दरवर्षी उतरते, म्हणून प्रत्यक्षात थोडे कमी. उद्यमबागेतल्या गॅरेजमध्ये पाचेक हजारांत दार डेंटिंग-पेंटिंग होत असेल तर पॉलिसीला हात लावू नये. उसाच्या हंगामात रायबाग-अथणीकडे रात्री मागचा दिवा नसलेल्या दोन-दोन ट्रॉल्यांना गाडी धडकली, तर क्लेम करायचाच. पण त्याआधी ट्रॅक्टरचा नंबर, ट्रॉल्यांचा फोटो आणि पोलिसांत नोंद.

पर्सनल अ‍ॅक्सिडेंट कव्हर १५ लाखांचं सक्तीचं आहे, पण माणसाला एकच पुरतं. त्याच नावावर स्कूटर असेल आणि तिच्या पॉलिसीत ते असेल, किंवा वेगळी तेवढी पॉलिसी असेल, तर कारला पुन्हा पैसे मोजू नयेत. तशा घोषणापत्रावर एक सही पुरते.

लायसन्स मात्र विसरू नये. परतलेल्यांचं भारतीय लायसन्स बहुतेक वेळा तिकडे असतानाच संपलेलं असतं. संपून एक वर्ष उलटलं असेल तर नूतनीकरणाला पुन्हा टेस्ट द्यावी लागते. टेस्ट पास होईपर्यंत गाडी दुसऱ्याने चालवावी. गल्फचं लायसन्स दाखवून ओन डॅमेजचा क्लेम मंजूर होईल, या भरवशावर राहू नये.

एमिरातीतली पॉलिसी तेरा महिन्यांची असते, तो जादा महिना अंगवळणी पडलेला असतो. इथे तसं काही नाही. शेवटच्या तारखेच्या मध्यरात्री कव्हर संपतं, दुसऱ्या दिवशी पोलिसांनी अडवलं तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, आणि नवी पॉलिसी घेताना गाडीचं इन्स्पेक्शन. 'नव्वद दिवस असतात की!' म्हणणारे भेटतात. ते नव्वद दिवस एनसीबी शिल्लक राहण्यापुरते आहेत, त्या दिवसांत गाडीला विमा नसतो. नूतनीकरणाचं कोटेशन महिनाभर आधी मागवावं आणि त्यात आयडीव्ही मुद्दाम खाली ओढून प्रीमियम कमी दाखवलेला नाही ना, ते बघावं. चार ते पाच वर्षांच्या गाडीला टॅरिफनुसार घसारा ५० टक्के धरतात, त्याहून फार खाली गेलेला आकडा सही करण्याआधी बदलून घ्यावा.