चुरमुऱ्याचा सुशीला झकास, स्लाइड शो त्याहून भारी, प्रोजेक्टर बदला

लातूरला औसा रोडकडं एक छोटा कॅफे आहे, तिथं रविवारी स्लाइड शो असतोय, तिकीट ५० रुपये अन् चहा त्यातच. ब्लॅक आर्टिस्ट अन् हवामान असा विषय होता, आपला काय संबंध म्हणून जाणारच नव्हतो, पण पोरगी मागंच लागली म्हणून गेलो अन् दीड तास जागचा हाललो नाही बगा.

लाटोया रुबी फ्रेझियर म्हणून एक अमेरिकन फोटोग्राफर आहे, तिनं फ्लिंट शहरातल्या एका घरातल्या बायकांचे फोटो काढलेत. तिथं २०१४ ला पाण्याचा सोर्स बदलला अन् नळातून शिसं यायलं. एका फोटोत आई लेकीचे दात बाटलीच्या पाण्यानं घासायली. फोटो २०१६ च्या आसपासचे, म्हणजे आपल्याकडं मिरजेहून पाण्याची रेल्वे आली तेव्हाचेच, हॉलमध्ये एकदम चिडीचूप. फ्रेझियरनं २०१९ ला हवेतून पाणी काढणारं मशीनबी तिथं नेलं म्हणे, नुसते फोटो काढून घरी गेली नाही.

सोकारी डग्लस कॅम्प ही शिल्पकार लंडनला राहती, मूळची नायजेरियातल्या नायजर डेल्टाची, म्हणजे तिथल्या तेलाच्या भागातली, तिनं तेलाच्या प्रदूषणाविरुद्ध लढून फाशी गेलेल्या केन सारो-विवाच्या आठवणीत स्टीलची आख्खी बस केली. ती बस २०१५ ला नायजेरियाच्या कस्टमनं अडवून ठेवली, स्टीलच्या बसला काय भ्यायलेत की!

जॉन अकोम्फ्रा म्हणून एक ब्रिटिश फिल्मवाला आहे, त्याचं काम सहा स्क्रीनचं, ते यांनी एका मळक्या भिंतीवर दाखवलं, काहीच कळलं नाही. फॅनचा आवाजबी लई. सुशीला मात्र दोन प्लेट खाल्ला.

चार स्टार.