मिठाच्या पाण्यातली घाण

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, तीन माणसं. दिवसभर हातात मायक्रोमीटर असतो. मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडं झाला तरी पार्टी जॉब परत पाठवते. असल्या माणसानं कुणाच्या तरी हातवाऱ्यांपायी ४२,५०० रुपये घालवले, हे सांगायला लाज वाटते. पण गेल्या महिन्यात शेजारच्या शेडमधल्या पोरानं त्याच 'ऊर्जा उपचारां'ची जाहिरात मला मोबाईलवर दाखवली, आणि मग गप्प बसवेना.

माझी कंबर सत्ताविसाव्या वर्षी धरायला लागली. पहाटे तीन-साडेतीनला दुखून जाग यायची. उठायचं म्हणजे आधी कुशीवर वळायचं, मग कोपर टेकायचं, मग भिंत धरून उभं राहायचं. मोजे बायको घालायची. टाचा तर अशा दुखायच्या की पहिली चार पावलं खिळ्यांवर टाकल्यासारखी वाटायची. आणि गंमत अशी की कामाला लागलो की दहापर्यंत अंग मोकळं व्हायचं. उलट रविवारी दिवसभर लोळलो की सोमवारी हाल. घरचे म्हणायचे, मशीनपुढं उभं राहून होतंय हे, जरा विश्रांती घे. फॅमिली डॉक्टरांची गोळी घेतली की दोन दिवसांत आराम पडायचा, बंद केली की पुन्हा तेच. एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही. 'काही निघालं नाही' हे ऐकल्यावर माणूस भलतीकडं वळतो, तसा मीही वळलो.

बायकोच्या मावसबहिणीनं राजारामपुरीतल्या एका ताईंचं नाव सांगितलं. ऊर्जा उपचार करतात, हात न लावता. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, कापराचा वास, पितळेचं वाडगं, निळा दिवा. एक खरं सांगतो, बाई बोलायला गोड होत्या. पाऊण तास माझं ऐकून घेतलं. तोवर कुठल्याही दवाखान्यात मला पाच मिनिटांच्या वर कुणी विचारलं नव्हतं, आणि अर्धा गळाला मी तिथंच लागलो. मग त्यांनी माझ्या पाठीवर लोलक धरला, तो गरगरला, आणि त्या म्हणाल्या, "दादा, तुमच्या मूलाधारात जुनी गाठ आहे. वडिलांवरचा राग आहे काय मनात?" कोल्हापुरात बापाच्या धंद्यात बसलेल्या कुठल्या पोराच्या मनात तो नसतो?

उपचार सकाळी आठलाच. गेल्या गेल्या त्या मला वाकायला लावायच्या आणि बोटं कुठवर पोचली ते पाहायच्या. गुडघ्याच्या जरा खाली. मग वीस मिनिटं 'ऊर्जा जागवायला' हात फिरवणं, कंबर फिरवणं, जागच्या जागी चालणं. मग चटईवर झोपवून अंगावरून हवेत हात फिरवायचे आणि बोटं झटकायची. सव्वानऊला पुन्हा वाकायचं. बोटं चार इंच खाली! "बघा दादा!"

हा सगळा खेळ मला तेव्हाच कळायला हवा होता. थंड मशीनवर पहिला जॉब घेतला तर माप एक येतं, तासभर चालून मशीन तापलं की दुसरं. माझ्याकडचं नवं पोरगंसुद्धा हे आठ दिवसांत शिकतं. माझ्या आजाराची खूणच ही आहे की सकाळी अंग आखडतं आणि हालचालीनं सुटतं. ताईंनी फक्त वेळ अचूक निवडली होती. त्या मुद्दाम करत होत्या की त्यांनाही तसंच वाटत होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

झटकलेली घाण एका काचेच्या वाडग्यात जायची. त्यात मिठाचं पाणी. शेवटी ते उजेडात धरून दाखवायच्या: गढूळ, तळाशी करडा गाळ. "एवढं निघालं आज." मी घरी येऊन बायकोला सांगायचो, आणि खरंच हलकं वाटायचं. पुढं सगळं उघडं पडल्यावर एका रात्री स्वयंपाकघरात मूठभर जाडं मीठ पाण्यात विरघळवलं आणि तासभर ठेवलं. तोच गढूळपणा, तोच गाळ. बायको बघत होती. काही बोलली नाही, वाडगं विसळून पालथं घातलं.

पैसे असे गेले. पहिली भेट ५००. एकवीस बैठकांचं पॅकेज १८,०००. स्फटिकाचं कडं ३,५००. फोटोवरून दूरस्थ उपचार महिना १,१०० प्रमाणे पाच महिने. आणि शेवटी 'स्वतःच शिकून घ्या म्हणजे आयुष्यभराचा खर्च वाचेल' म्हणून पहिल्या पायरीचा कोर्स, १५,०००. पावती एकाचीही नाही. ऑनलाइन पैसे पाठवताना शेऱ्यात 'दान' लिहायला सांगायच्या.

पण पैसा राहू दे. पैसे लेथवर परत मिळवता येतात. तिसऱ्या बैठकीला त्यांनी गोळी बंद करायला लावली. "गोळीनं किडनी जाते, आणि ऊर्जाही अडते." यातलं किडनीचं पूर्ण खोटं नव्हतं. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय वर्षानुवर्षं खाणं धोक्याचंच आहे. अर्धं खरं सांगितलं की उरलेलं अर्धं आपण न तपासता गिळतो. मी गोळी बंद केली. पंधरा दिवसांत दुखणं दुप्पट झालं. "विष बाहेर पडतंय, घाबरू नका." म्हणजे बरं वाटलं तर उपचाराचा गुण, आणि वाईट वाटलं तरी उपचाराचाच गुण! असा गेज, म्हणजे माप तपासायचं साधन, माझ्या दुकानात कुणी आणला तर मी भंगारात टाकीन.

जूनमध्ये उजवा डोळा लाल झाला. साधं डोळे येणं नव्हे. आतून ठणका, उजेड सहन होईना, लेथवरचा दिवा सुईसारखा टोचायचा. ताई म्हणाल्या, आज्ञाचक्र उघडतंय. चार दिवस मी ते उघडू दिलं. पाचव्या दिवशी मेव्हण्यानं गाडीवर घालून डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी यंत्रावर हनुवटी टेकवायला सांगितली तर माझी मान नीट पुढं जाईना. डोळा तपासला, आणि डोळ्याच्या डॉक्टरांनी मला विचारलं, "सकाळी कंबर आखडते का? किती वेळ?"

डोळ्याच्या मधल्या थराला सूज होती, युव्हिआयटिस. वेळेत थेंब पडले म्हणून नजर वाचली. त्यांनीच मला ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडं, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांकडं पाठवलं. तिथं एमआरआय झाला, रक्त तपासलं, त्यात एचएलए-बी २७ ही या आजाराशी जोडलेली जनुकाची खूण पॉझिटिव्ह आली. (नुसतं ते पॉझिटिव्ह आलं म्हणजे आजार आहे असं नसतं, हेही डॉक्टरांनी समजावलं. बाकीच्या खुणा जुळाव्या लागतात.) नाव निघालं अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. आपलीच प्रतिकारशक्ती मणक्याच्या खालच्या, कंबरेच्या हाडाशी जोडणाऱ्या सांध्यांवर उलटते. तिथं सूज राहते, आणि वर्षं गेली की नवं हाड वाढून मणके एकमेकांना चिकटू शकतात. साध्या एक्स-रेमध्ये सुरुवातीची काही वर्षं बऱ्याचदा काहीच दिसत नाही. बहुतेक वेळा पंचेचाळिशीच्या आत, तरुणपणीच सुरू होतो. विश्रांतीनं वाढतो, हालचालीनं कमी होतो. सहा वर्षं मी हीच लक्षणं सांगत फिरत होतो.

डॉक्टरांनी पाठीवर पेननं दोन खुणा केल्या, बरोबर १० सेंटिमीटर अंतरावर, आणि वाकायला सांगितलं. निरोगी माणसाचं अंतर १५ किंवा त्याहून जास्त होतं. माझं साडेबारा. कुणी टेप लावून मोजलं की माझा विश्वास बसतो. इंजेक्शन सुरू करायच्या आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी मागितली, कारण त्या औषधानं दबलेला टीबी उठू शकतो. ताईंनी पॅकेज सुरू करताना फक्त जन्मतारीख विचारली होती.

नंतर वाचनात आलं की अमेरिकेत एमिली रोझा नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीनं शाळेच्या प्रकल्पासाठी अशाच उपचारकांची परीक्षा घेतली होती. मध्ये पुठ्ठ्याचा पडदा, त्यातून उपचारक दोन्ही हात पलीकडं घालणार, आणि ती कोणत्या हातावर आपला हात धरते ते त्यांनी 'ऊर्जा' जाणवून सांगायचं. २१ जण, २८० प्रयत्न, बरोबर ४४ टक्के. नाणं उडवलं असतं तरी जास्त जमलं असतं. १९९८ साली ते अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आलं. पुठ्ठा माझ्या दुकानात ढीगभर पडलेला असतो.

पैसे परत मागायला गेलो तेव्हा ताईंनी एक कागद पुढं केला. पहिल्या दिवशी सही केलेला, बारीक इंग्रजीत: हा वैद्यकीय उपचाराला पर्याय नाही, डॉक्टरांचे औषध बंद करू नये. तोंडानं बंद करा आणि कागदावर बंद करू नका! सही माझीच. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली, पण 'दान' लिहिलेल्या पैशांचा पाठपुरावा अवघड जातोय. मात्र 'गोळीशिवाय संधिवात बरा' असली जाहिरात जपून ठेवा. १९५४ च्या जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरच्या कायद्यातल्या आजारांच्या यादीत संधिवात आहे. मी त्यांची रील वेळेत साठवली नाही, आणि आता ती काढून टाकली आहे.

सध्या इंजेक्शन चालू आहे, रोज व्यायाम आहे. लहानपणी पंचगंगेत पोहायला शिकलो ते आता तरण तलावात कामाला येतं. मोजे स्वतः घालतो. गेल्या तपासणीला माप तेरा आलं.

शेजारच्या शेडमधलं ते पोरगं चोवीस वर्षांचं आहे, सीएनसीवर असतं. जाहिरात दाखवून म्हणालं, "मालक, जाऊ काय हितं? पाचशेच रुपयं हाईत." मी विचारलं, सकाळी उठल्यावर सरळ व्हायला किती वेळ लागतो रे?

"धा वाजत्यात."

सोमवारी त्याला गाडीवर मागं बसवून सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत घेऊन गेलो. स्पीडब्रेकर आला की मागनं माझा खांदा घट्ट धरत होतं.