मेंटॉर-मेंटी योजना: दोन सत्रं वापरून झाल्यावर

'प्रत्येक विद्यार्थ्यामागे एक मेंटॉर', म्हणजे अडीअडचणीला वाट दाखवणारा कॉलेजातलाच शिक्षक, ही ओळ आता जवळपास प्रत्येक कॉलेजच्या माहितीपत्रकात असते. नव्या शैक्षणिक धोरणाची पदवी 2024-25 पासून महाराष्ट्रातल्या संलग्न कॉलेजांतही आली. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या विद्याशाखेतला विषय) असे गट पडले आणि विषय निवडताना चुकायला भरपूर जागा झाली. म्हणून ही सेवा खरंच कामाची आहे का, हे पहिलं वर्ष संपताना सांगितलेलं बरं. माझे गुण असे: कागद घेऊन गेलात तर पाचपैकी चार, नुसतं भेटायला गेलात तर दीड.

दीड का, ते आधी. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात मेंटॉर आणि विद्यार्थी यांचं प्रमाण विचारतात, त्यामुळे रजिस्टर सगळीकडे चोख असतं. रकाने ठरलेले: तारीख, अडचण, केलेली उपाययोजना, सही. अडचणीच्या रकान्यात पानभर एकाच अक्षरात 'नाही' लिहिलेलं दिसलं की ओळखावं, रजिस्टर समितीसाठी भरलंय. यात शिक्षकांचा दोष थोडाच. "काही प्रॉब्लेम?" या प्रश्नाला पहिल्या वर्षाचं पोरगं "नाही सर" याखेरीज काय सांगणार? आपलं काय चुकलंय हेच त्याला माहीत नसतं.

म्हणून चार गोष्टी हातात हव्यात: अभ्यासक्रमाचा क्रेडिट आराखडा (कुठल्या विषयाला किती क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या भाराचं माप), आतापर्यंतची सगळी ग्रेड कार्डं, चालू सत्राचा विषयनिवडीचा फॉर्म आणि डिजिलॉकरमधल्या क्रेडिट खात्याचा स्क्रीनशॉट. एवढं टेबलावर ठेवलं की वीस मिनिटांत काम होतं.

पहिल्या सत्राचा एक नमुना घ्या, एकूण 22 क्रेडिट. मेजर 6, ओपन इलेक्टिव्ह 4, व्यावसायिक कौशल्य 2, कौशल्यवर्धन 2, भाषा 2, मूल्यशिक्षण 2, भारतीय ज्ञान प्रणाली 2, सहअभ्यासक्रम 2. मुलं मेजरसाठी रात्री जागवतात आणि दोन-दोन क्रेडिटचे पेपर वाऱ्यावर सोडतात. बेरीज केली तर ते 'किरकोळ' विषय 22 पैकी 16 भरतात. चांगला मेंटॉर पहिल्याच भेटीत ही बेरीज करून दाखवतो.

ओपन इलेक्टिव्ह मेजरच्या विद्याशाखेबाहेरचा घ्यावा लागतो. कॉमर्सच्या मुलाने सोपा म्हणून कॉमर्सचाच पेपर टाकला तर फॉर्म परत येतो, आणि तोवर चांगल्या विषयांच्या जागा भरलेल्या असतात. सहअभ्यासक्रमाची अडचण निराळीच. एनएसएसला किंवा खेळाला मुलं वर्षभर जातात, पण हजेरीपत्रक आणि अहवाल जमा करायचा राहतो आणि हातचे 2 क्रेडिट अडकतात. मेंटॉरने सत्र संपायच्या महिनाभर आधी विचारलं तर हे टळतं, निकालानंतर विचारून काही उपयोग नसतो.

सगळ्यात जास्त वेळ वाचला तो क्रेडिट बँकेच्या, म्हणजे मिळवलेली क्रेडिट ऑनलाइन जमा होतात त्या, खात्यात. बारा आकडी नंबर काढला की काम झालं, असा समज असतो. क्रेडिट तिथे विद्यार्थी टाकत नाही, विद्यापीठ टाकतं. नाव, जन्मतारीख, लिंग जुळलं नाही तर ती येऊन बसत नाहीत. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर बहुतेकदा शेवटी, आणि वडिलांचं नाव कधी पूर्ण, कधी नुसतं आद्याक्षर. निकालानंतर खातं रिकामं दिसलं की पहिला संशय नावावर घ्यावा. दुरुस्ती मेंटॉरच्या हातात नसते. पण कुठल्या खिडकीत कोणता अर्ज द्यायचा हे त्यांना ठाऊक असेल तर दोन हेलपाटे वाचतात.

स्वयम या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स हा दुसरा खड्डा. त्यावरच्या एनपीटेलचा (आयआयटी वगैरे संस्थांचा उपक्रम) 8 आठवड्यांचा कोर्स 2 क्रेडिटचा, 12 आठवड्यांचा 3 चा. कोर्सला नाव नोंदवणं फुकट, परीक्षेची नोंदणी वेगळी आणि पैसे भरून. सगळ्या असाइनमेंट केल्या आणि परीक्षेचा फॉर्मच भरला नाही, हे दर सत्रात कुणाचं तरी होतं. सर्टिफिकेटला असाइनमेंटमध्ये 25 पैकी किमान 10 आणि परीक्षेत 75 पैकी किमान 30 लागतात. कोर्स कॉलेजच्या यादीत आहे का, हे नोंदणीआधी लिहून घ्या. तोंडी 'चालेल'वर विसंबू नका.

आता मेंटॉरकडून पहिल्याच वर्षी मांडून घ्यावा असा एक हिशेब. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के, म्हणजे साधारण 7.5 सीजीपीए (सगळ्या सत्रांची दहापैकी सरासरी) लागतो. सत्राला 22 धरले तर 132 क्रेडिट, गुणिले 7.5 म्हणजे 990 गुण. चार सत्रांनंतर 7.2 वर असलेल्याकडे 633.6 जमा असतात. उरलेल्या 44 क्रेडिटमध्ये त्याला सरासरी 8.1 हवी, जी मेहनतीने येते. तोच पाचवं सत्रही 7.2 ने संपवून जागा झाला तर शेवटच्या 22 क्रेडिटमध्ये सरळ 9 लागतात. आकडे तेच, विचारायला फक्त एक सत्र उशीर.

'एका वर्षात बाहेर पडलं तरी सर्टिफिकेट मिळतं' हेही अर्धवट ऐकलेलं असतं. वर्षाची 40 ते 44 क्रेडिट झाल्यावर वर 4 क्रेडिटचा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप करावी लागते. परत यायचं तर तीन वर्षांच्या आत, आणि पदवी एकूण सात वर्षांत पुरी करायची. इंटर्नशिपचे 4 क्रेडिट म्हणजे 120 तास. आठवड्याला सहा तास दिले तर वीस आठवडे लागतात, सत्र असतं पंधरा आठवड्यांचं. सुट्टीत सुरुवात करा, असं सांगणारे मेंटॉर भेटले तर त्यांना सोडू नका.

तक्रारी दोन. एकेका मेंटॉरकडे वीस-पंचवीस मुलं असली तर जमतं, साठ असली की 'भेट' म्हणजे व्हॉट्सअॅप ग्रुपवरची सूचना. दुसरी जास्त टोचणारी: बरेच मेंटॉर तासिका तत्त्वावर असतात. पैसे शिकवलेल्या तासाचे मिळतात, मेंटॉरिंगचे नाही, आणि पुढच्या जूनमध्ये ते तिथे असतीलच असं नाही. त्यांच्याबरोबर तुमची माहितीही जाते. पुनर्मूल्यांकन, उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी, महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीचं नूतनीकरण यांसाठी मेंटॉरच्या भरवशावर राहू नका. त्या मुदती परीक्षा विभागाच्या आणि ऑफिसच्या फलकावर लागतात आणि कुणासाठी थांबत नाहीत.

मे महिन्यात शेवटच्या भेटीत रजिस्टरमधल्या आपल्या पानाचा फोटो काढून घ्या, सहीसकट. जूनमध्ये नवे मेंटॉर आले की आधी तोच दाखवायचा.